हवा हेमलकशाची, गोळी बीपीची

डिसेंबर लागला की विदर्भात दोन गोष्टी हमखास येतात. एक, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. दुसरी, पुण्या-मुंबईच्या ज्येष्ठ नागरिकांची सहल. अधिवेशन नागपूर ओलांडत नाही. सहल निदान हेमलकशापर्यंत तरी जाते.

मार्ग ठरलेला. वरोऱ्याला आनंदवन, मूलजवळ सोमनाथ आणि मग आलापल्लीच्या सागवानातून भामरागडच्या दिशेनं. बसमध्ये पंचेचाळीस माणसं, नव्वद गुडघे. त्यातले बरेच गुडघे मालकापेक्षा वयानं पुष्कळ लहान.

उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, "टॉयलेट कुठंय?" दुसरा, "रेंज का येत नाही?" तिसऱ्याला प्रश्नचिन्ह नसतं. चहा पोटात गेला की छातीभर श्वास घेऊन कुणीतरी म्हणतंच, "काय हवा आहे हो! इथं माणूस आजारी पडणारच नाही."

हे वाक्य दवाखान्याच्या फाटकासमोर उभं राहून म्हटलं जातं.

फाटकाच्या आत वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास रुग्ण येतात. सगळे तीच हवा घेऊन आलेले असतात.

आता थोडा इतिहास, कारण सहलीत तो जेवणाच्या घंटेमुळे अर्धाच ऐकला जातो. हा दवाखाना ज्याचा, तो हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प 23 डिसेंबर 1973 ला सुरू झाला. गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हताच, तो 1982 चा. हा सगळा मुलूख चंद्रपुरात होता. आनंदवनच्या बाबा आमट्यांनी जागा पाहिली, मुलगा प्रकाश आणि सून मंदाकिनी हे डॉक्टर जोडपं तिथं राहायला गेलं. झोपडी, कंदील, वीज नाही, पावसाळ्यात रस्ता नाही. हे सगळं हवा चांगली होती म्हणून नव्हे. मलेरिया होता, क्षय होता, उपासमार होती, अस्वलानं फाडलेली माणसं होती आणि डॉक्टर नावाचा प्राणी मैलोगणती दिसत नव्हता, म्हणून.

पण शहरातल्या माणसाला जंगल आवडतं ते एका अटीवर. त्यात डास नसावेत.

"जुनी हाडं बघा कशी काटक!" हे सहलीतलं दुसरं लाडकं वाक्य. डोक्यावर मोळी घेऊन सत्तरीची बाई झपझप चालत गेली की मोबाइल पटापट वर होतात. खरं आहे, काटक असतेच ती. पण काटकच तेवढे का दिसतात, हा प्रश्न कुणाला पडत नाही. जे काटक नव्हते, ते म्हातारे व्हायला उरलेच नाहीत.

त्यांचा फोटो काढायची सोय नाही.

दीर्घायुष्याच्या गोष्टी आपल्याला अशा दूरच्या गावांच्याच आवडतात. मध्यंतरी जपानचं ओकिनावा फार गाजलं. तिथले शंभरीपारचे आजी-आजोबा काय खातात, काय पितात, यावर पुस्तकं निघाली, मालिका निघाल्या, आपल्याकडच्या पुरवण्यांनीही रकाने भरले. मग 2010 मध्ये जपान सरकारनं आपल्या दफ्तरातली शंभरीपारची माणसं मोजायला घेतली, तर दोन लाखांहून जास्त माणसांचा पत्ताच लागेना. टोकियोतला एक 111 वर्षांचा मानला गेलेला गृहस्थ तर तीसेक वर्षांपूर्वीच घरात मरून पडला होता. पेन्शन मात्र येत होती. 2024 मध्ये सॉल न्यूमन या संशोधकाला इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. त्यानं काय दाखवलं? जिथं शंभरीची माणसं फार, तिथं जन्म-मृत्यूच्या नोंदी यथातथा.

दीर्घायुष्याचं रहस्य आहारात शोधत होतो. निघालं कारकुनाच्या टेबलात.

कारकुनावरून आठवलं. भामरागडच्या आजीचं वय किती? तिला विचारा. "असंन साठ-सत्तर." आधार कार्डाला विचारा. 1 जानेवारी. सालाचा अंदाज नोंदणी करणाऱ्या पोराचा, तारीख संगणकाची. गावच्या गाव एकाच दिवशी जन्मलेलं. एवढ्या वाढदिवसांना केक कोण आणणार?

केकचं सोडा. त्या अंदाजावर पेन्शन ठरते. श्रावणबाळ योजनेला पासष्ट पूर्ण लागतात. नोंदणीच्या दिवशी आजी जरा तरतरीत दिसली आणि त्या पोरानं पाच वर्षं कमी लिहिली, तर पाच वर्षांची पेन्शन गेली. म्हातारपणी तरुण दिसण्याचा तोटा असा रोखीत मोजता येतो.

रक्कम किती? महिन्याला दीड हजार.

आणि ती घ्यायला यंत्रावर अंगठा. जन्मभर कुऱ्हाड, नांगर, दगड-माती हाताळलेल्या अंगठ्यावर रेषा असतात कुठं? एकदा दाबतात, लागत नाही. धुऊन दाबतात, लागत नाही. धोतराला पुसून, फुंकर घालून, दुसरं बोट, तिसरं बोट. यंत्रामागचा पोरगा म्हणतो, "आबाजी, उद्या या." उद्या म्हणजे पुन्हा तीच पंधरा-वीस किलोमीटर. तेवढी पावलं पुण्यात चालला असता, तर घड्याळानं त्याला बक्षीस दिलं असतं.

शिवाय वर्षातून एकदा हयातीचा दाखला. जिवंत आहोत हे स्वतः जाऊन सांगायचं. जपानमध्ये मेलेला माणूस तीस वर्षं घरबसल्या जिवंत राहतो. आपल्याकडे जिवंत माणसाला त्यासाठी तालुक्याला जावं लागतं.

जावं लागतं तर जावं की, एसटी फुकट आहे! पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, उत्तम झालं. शेजारच्या एटापल्ली तालुक्यात गर्देवाडा-वांगेतुरीकडे पहिली एसटी धावली ती मात्र 1 जानेवारी 2025 ला. हिरवा झेंडा दाखवायला मुख्यमंत्री स्वतः गेले होते. सवलत आधी आली, गाडी मागून आली.

आणि तारीख पाहिलीत? गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस.

सरकार म्हाताऱ्यांसाठी काहीच करत नाही, असं म्हणणाऱ्यांनी 2024 साल आठवावं. निवडणुकीचं वर्ष होतं. त्या वर्षी मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. पासष्टीपुढच्या गरजूला चष्मा, काठी, कानाचं यंत्र, कंबरेचा पट्टा वगैरेंसाठी एकरकमी तीन हजार रुपये. त्याच वर्षी मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आली. साठीपुढच्याला यात्रेसाठी तीस हजारांपर्यंत.

ऐकू यावं म्हणून तीन हजार. देव दिसावा म्हणून तीस हजार.

तीन हजारांत कानाचं बरं यंत्र येत नाही. आलं तर ते शिट्टी वाजवतं आणि आठवड्यात ट्रंकेत जाऊन पडतं. पण कान ही काय आरोग्याची गोष्ट आहे? म्हातारपणी कमी ऐकू यायचंच, असं घरोघरी म्हटलं जातं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 मध्ये डिमेन्शियाला हातभार लावणारी आणि टाळता येण्याजोगी चौदा कारणं सांगितली. ती सगळी आवरली तर सुमारे 45 टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा हिशेब. यादीत रक्तदाब आहे, मधुमेह आहे, धूम्रपान आहे, एकटेपणा आहे. आणि ऐकू न येणं आहे. कमी दिसणं आणि त्यावर उपचार न करणं, हेही त्याच वर्षी यादीत आलं.

म्हणजे वडिलांचा विसरभोळेपणा घालवायला ब्राह्मीच्या बाटल्या आणता, सुडोकूची पुस्तकं आणता, आणि त्यांच्या कानातला मळ काढायला डॉक्टरकडे नेत नाही.

ते आपले एकटेच हसत बसतात, कारण बाकीचे कशाला हसले ते त्यांना कळलेलंच नसतं.

हसण्याचीही सोय आपण केलीच आहे म्हणा. 13 मार्च 1995 ला मुंबईतल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया पाच माणसांना घेऊन हसले आणि हास्यक्लब जन्माला आला. पंधरवड्याच्या आत विनोद संपले, तेव्हा विनोदाशिवायच हसायचं ठरलं. हेच तंत्र पुढे आपल्या विनोदी मालिकांनी उचललं.

टवाळी बाजूला. हास्यक्लबात माणसं भेटतात, ती न आली तर कुणीतरी फोन करतं. औषध ते आहे. हा हा हा हे फक्त वेष्टन.

तसंच दहा हजार पावलांचं. बागेत पाहा, आजोबा बाकाभोवती गिरक्या घेत असतात, कारण घड्याळात 9,640 झालेत. हा दहा हजारांचा आकडा कुणा ऋषीनं सांगितलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातला तो आकडा. जाहिरात होती. पुढे 2019 मध्ये अमेरिकेत सरासरी बहात्तर वर्षांच्या बायकांवर अभ्यास झाला. दिवसाला जेमतेम 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांपुढे चालून आणखी काही पदरात पडताना दिसलं नाही.

आजोबा, बसा. फायदा मघाशीच झाला.

आता जंगलातल्या पावलांकडे या. मार्चअखेर मोह फुलतो. झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जागा साफ केलेली असते. उजाडायच्या आत बायका टोपल्या घेऊन पोचतात आणि पांढुरकी, मऊ, गोडसर वासाची फुलं एकेक करून वेचतात. उन्हं चढेपर्यंत कमरेत वाकलेल्या. म्हाताऱ्या बायकाही. मग ती फुलं वाळवायची, राखायची, विकायची. मे महिन्यात तेंदूपत्ता. पावसाळ्यात धानाची रोवणी. निवृत्तीचं वय कुणी ठरवलेलं नाही.

शहरातला फिजिओथेरपिस्ट सांगतो, वाकू नका. तिला तसं सांगायला गेलात तर ती विचारील, मग फुलं काय तुम्ही वेचणार?

कंबर तिचीही दुखते. फक्त त्या दुखण्याला मंगळवारी साडेपाचची अपॉइंटमेंट नाही.

तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. त्या गावात म्हातारीला काम आहे. नातवंडं तिच्यावर टाकून सून रानात जाते. शेताची राखण म्हाताऱ्याकडे. कुठल्या झाडाची साल कशाला लागते, हे त्याला विचारलं जातं. तो नसला तर अडतं. पुण्या-मुंबईच्या आजोबांचं काय अडतं? बँकेचं मोबाइलवर होतं, भाजी दारात येते, नातवाला गणित शिकवायला ॲप आहे. राहता राहिलं सकाळी साडेसहाला कुटुंबाच्या ग्रुपवर उगवत्या सूर्याचं चित्र टाकणं. ते ते इमानानं करतात. आणि मुलगा न उघडताच पुसून टाकतो, कारण फोनमध्ये जागा नसते.

सहा महिने न्यू जर्सीला जाऊन आलेल्यांना विचारा. घर मोठं, दूध शुद्ध, हवा हेमलकशासारखी. आणि सोमवार ते शुक्रवार खिडकीतून रस्ता पाहायचा, ज्यावरून माणूस नावाला जात नाही. गाडी चालवता येत नाही, म्हणून दुकानही मुलाच्या सवडीनं. परत येतात तेव्हा सगळे म्हणतात, तब्येत सुधारली. वजन वाढलेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2025 मध्ये सांगितलं, जगात सहातला एक माणूस एकटेपणानं ग्रासलेला आहे. आपल्याकडे उपाय तयार आहे. 14567 हा ज्येष्ठांचा मदत क्रमांक. चांगली सोय आहे, लिहून ठेवा. भामरागडच्या आजीनं फिरवून तिच्या माडिया बोलीत बोलायला सुरुवात केली तर पलीकडे कळेल का, हे विचारायचं होतं. पण आधी रेंज यायला हवी.

प्रकाश आणि मंदाकिनी आमटे आधी माडिया शिकले, हे लोक विसरतात. लक्षात राहतो तो बिबट्यासोबतचा फोटो.

जंगलात म्हाताऱ्यांना काम असतं असं लिहिलं की लगेच कुणीतरी पुढचं वाक्य जोडतं: "आणि मान किती असतो!" जरा थांबा. मे 2024 मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एका बाईला आणि साठीच्या एका माणसाला जादूटोण्याच्या संशयावरून गावातल्याच लोकांनी जाळून मारलं. जादूटोणाविरोधी कायद्याला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती.

तेव्हा आदिवासी जीवनाचं भरतकाम नको.

त्यापेक्षा पानटपरीवर या. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, दोन थेंब पाणी. पन्नी गुंडाळायची आणि फळीवर खसाखस घासायची. घासता घासता गरम होते, आतला माल काळपट ओलसर होतो, पन्नीच्या तोंडाला गाठ. झाला खर्रा. गडचिरोली-चंद्रपुरात पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी खर्रा विचारतात. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी 1993 पासून. राज्यात गुटखाबंदी 2012 पासून. खर्रा घासणारा हात कशानंच थांबला नाही.

घासणाऱ्याला व्यायाम होतो, एवढाच काय तो आरोग्याशी संबंध.

आता निर्मळ हवेच्या भक्तांनी पुढचं बसून वाचावं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेच्या संशोधकांनी गडचिरोलीतल्या 86 खेड्यांत माणसं कशानं मरतात, याचा शोध घेतला. 2015 मध्ये तो प्रसिद्ध झाला. पहिला नंबर मलेरियाचा असेल? सापाचा? वाघाचा तर नक्कीच नाही. पहिला नंबर लकव्याचा. सातातला एक मृत्यू मेंदूच्या झटक्यानं. शहरातल्या साहेबांचा म्हणून ज्याचा आपण तोरा मिरवतो, तो आजार खेड्यात अंगठ्याच्या ठशावर राहतोय.

लकव्यामागे बहुतेक वेळा असतो न मोजलेला रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही, ताप येत नाही. एक दिवस तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, आणि घरचे आधी पुजाऱ्याकडे जातात. शहरातले आधी गुगलकडे जातात. वेळ दोघांचाही सारखाच जातो.

रक्तदाबाची साधी जेनेरिक गोळी एका खर्र्यापेक्षा स्वस्त पडते. सरकारी दवाखान्यात तर फुकट असते. ती रोज घ्यावी लागते, एवढाच तिच्यात दोष. खर्रा आपण दिवसातून पाच वेळा आठवणीनं घेतो.

आणि जंगल म्हणजे औषध असतं, तर अभय बंगांना 1995 मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराचा झटका कशाला आला असता? राहणं गडचिरोलीत, काम आरोग्याचं, आसपास झाडीच झाडी. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक त्यातून आलं आणि मराठी घराघरांत गेलं. अनेकांनी ते वाचून तेल कमी केलं. काहींनी आठवडाभर.

मग हेमलकशाकडून शिकायचं तरी काय?

सहलीतले वक्ते याचं उत्तर बाबांपासून सुरू करतात. करावंच. बाबा आमट्यांचा पाठीचा कणा असा दुखावलेला की त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. त्या अवस्थेत डिसेंबर 1985 मध्ये, एकाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ते तरुण पोरांची सायकलयात्रा घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. पोरं सायकलवर, बाबा गाडीत आडवे. पंचाहत्तरीला लोक अमृतमहोत्सवाची शाल घेऊन घरी बसतात, बाबा त्या वयात, 1990 मध्ये, नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले. त्र्याण्णव वर्षं जगले.

वक्ता इथं आवाज चढवतो, "मनाची शक्ती!" टाळ्या. मग तो खुर्चीवर बसतो. बसता येतं, याचं त्याला काही वाटत नाही.

मनाची शक्ती वगैरे असेल. पण मला त्यात साधी गोष्ट दिसते. उद्या सकाळी कुणीतरी आपली वाट पाहणार आहे, हे बाबांना रोज माहीत होतं. आनंदवनात त्यांनी कुष्ठरोग्याला हीच गोष्ट दिली. हातात भीक नाही, काम. बोटं झडलेल्या माणसाला ज्या समाजानं निरुपयोगी ठरवलं होतं, त्याच्याकडून शेतं पिकवून घेतली. आपण धडधाकट बोटांच्या बापाला रिमोट देतो आणि सांगतो, आता आराम करा.

आराम हा सल्ला देणाऱ्याच्या सोयीचा असतो.

पण नुसतं काम देऊनही भागत नाही, आणि इथं वक्ते थांबतात. कारण गोष्टीचा दुसरा भाग टाळ्यांचा नाही. जून 2022 मध्ये प्रकाश आमट्यांना रक्ताचा कर्करोग निघाला. हेअरी सेल ल्युकेमिया. वय त्र्याहत्तर. जन्मभर पांढरी हाफ पँट, बंडी, साधं जेवण, जंगलातली हवा, अखंड काम, मायेची माणसं. आरोग्याच्या पुस्तकात लिहितात ते सगळं झालेलं होतं. तरी झाला. बाबांच्या शेवटच्या दिवसांतलं दुखणंही ल्युकेमियाच.

उपचार पुण्यात झाले. ते बरे झाले, हेमलकशाला परतले.

म्हणजे पहा. पुण्याचा म्हातारा निरोगी व्हायला हेमलकशाला जातो. हेमलकशाचा डॉक्टर बरा व्हायला पुण्याला जातो. दोघांपैकी कुणाला काय मिळतं, हे दोघांच्या फाइलींवर लिहिलेलं आहे.

आणि प्रकाशभाऊंना पुणं गाठता आलं. पर्लकोटेच्या पलीकडच्या म्हाताऱ्यानं काय गाठायचं? हेमलकसा नदीच्या अलीकडे, भामरागड पलीकडे, मधे पर्लकोटा. जुलै-ऑगस्टात तिला पूर आला की वर्तमानपत्रांत ठरलेली बातमी: भामरागडचा संपर्क तुटला. आणि ठरलेला फोटो: खाटेला बांबू बांधून चौघांनी खांद्यावर घेतलेला रुग्ण, गुडघाभर पाण्यातून. साल बदलतं, मंत्री बदलतात, खाट तीच.

गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय तिथून पावणेदोनशे किलोमीटरवर. लकव्याच्या झटक्यात पहिले साडेचार तास मोलाचे, असं डॉक्टर सांगतात. साडेचार तासांत खाट नदीपाशी पोचते.

मला या सगळ्यातून दोनच गोष्टी खऱ्या वाटतात. म्हाताऱ्याला सकाळी उठायला कारण हवं आणि रात्री दुखलं तर दवाखाना हवा. शहरानं पहिली काढून घेतली, जंगलात दुसरी पोचलीच नाही. मधल्या जागेत प्रोटीनची पावडर, तांब्याचं पात्र, चुंबकाची गादी आणि ज्येष्ठांसाठी खास सहली विकणाऱ्यांची दुकानं.

हेमलकशाचं वेगळेपण एवढंच की तिथं या दोन्ही गोष्टी एका आवारात आल्या. प्रकाशभाऊंचे मुलगा-सून डॉ. दिगंत आणि डॉ. अनघा आता दवाखाना पाहतात, दुसरा मुलगा अनिकेत बाकीचा प्रकल्प. पुढची पिढी तिथं राहिली. महाराष्ट्रात किती डॉक्टर आई-बापांनी मुलांना इतक्या आडगावी राहू दिलं असतं?

हात वर करू नका. मलाही आठवत नाही.

बाकी सरकारला घाई कधीच नव्हती. जिल्हा 1982 ला झाला. सरकारी मेडिकल कॉलेजला 2024 उजाडलं. बेचाळीस वर्षं. तेव्हा चाळिशीत असलेली माणसं एव्हाना हयातीच्या दाखल्याच्या रांगेत आहेत, जी आहेत ती. कॉलेजात शंभर जागा आहेत. म्हणजे साडेपाच वर्षांनी शंभर डॉक्टर. त्यातले भामरागडला किती टिकतील आणि नागपूरच्या रामदासपेठेत पाटी किती जणांची लागेल, याची पैज लावायला कुणी तयार होणार नाही. उत्तर आधीच माहीत असलं की पैजेत मजा नसते.

त्यामुळे वाचकहो, एक करा. घरात नातू-नात मेडिकलला असेल, नाहीतर नीटच्या क्लासला जात असेल, तर त्याला पुढच्या वेळी अमेरिकेच्या परीक्षेचं विचारू नका. भामरागडला दोन वर्षं जाशील का, असं विचारा. त्याच्या आई-बापांच्या देखत विचारा.

आणि विचारायच्या आधी स्वतःचं बीपी मोजून घ्या. नंतरचं धरू नका, ते जास्तच येईल.